योग करा, पण गोळ्या परस्पर बंद करू नका

बडोद्यातल्या मराठी घरांमधून सध्या एक मेसेज फिरतोय. ‘गरोदरपणातलं डिप्रेशन म्हणजे मनाचे खेळ. रोज ४० मिनिटं योग केला की ते मुळापासून जातं. गोळ्या बाळाला घातक, आजच बंद करा.’ खाली आसनांची आणि कपालभातीची चित्रं. दांडिया बाजारात मी गरोदर बायकांचा योगवर्ग घेते, म्हणून मलाही तो कौतुकाने येतो. योगावर माझा जीव आहे, आणि म्हणूनच हा मेसेज मला सहन होत नाही.

‘मनाचे खेळ’ हे आधी सोडूया. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे विकसनशील देशांत गरोदरपणी सुमारे १५.६ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, त्यात मुख्य डिप्रेशन. थायरॉईड बिघडलं किंवा हिमोग्लोबिन उतरलं तरी असाच थकवा आणि उदासी येते. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

‘मुळापासून जातं’ हा दावा मात्र नीट बघायला हवा, कारण त्यात थोडं खरं आहे. २०१५ मध्ये ६ चाचण्या आणि ३७५ गरोदर स्त्रिया एकत्र धरून एक आढावा प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं कमी झालेली दिसली. पण फरक पडला तो आसनांबरोबर प्राणायाम, ध्यान आणि शिथिलीकरण होतं तिथे. नुसत्या आसनांनी फारसा नाही. आणि लक्षणं कमी होणं म्हणजे आजार समूळ जाणं नव्हे.

माझ्या वर्गात सातव्या महिन्यातली एक मुलगी यायची. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडली की तिचे खांदे सैल पडायचे, श्वास लांबायचा. एकदा उठताना म्हणाली, “ताई, इथे बरं वाटतं हो, पण पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मग वाटतं, हे बाळ मला नकोच होतं.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“सासूबाई म्हणतात, आधी महिनाभर योग करून बघ.”

तो महिनाभर थांबणं हेच या मेसेजचं खरं नुकसान. सासूबाई वाईट नव्हत्या, त्यांनी वाचलं ते मानलं. त्यांच्याशी बोलल्यावर त्याच तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. ती वर्गाला येत राहिली, गोळ्याही घेत राहिली.

चित्रांतली कपालभाती गरोदरपणात करायची नसते. श्वास रोखून धरायचा नाही, आणि साधारण २० आठवड्यांनंतर पाठीवर फार वेळ पडायचं नाही, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. रक्तस्राव होत असेल, वार (बाळाला पोसणारी, नाळेला जोडलेली) गर्भाशयात खाली असेल किंवा बीपी वाढलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी कुणालाही वर्गात घेत नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘गोळ्या आजच बंद करा.’ २००६ मध्ये अमेरिकेत अशा २०१ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, ज्यांना पूर्वी तीव्र डिप्रेशन होऊन गेलं होतं आणि औषधांवर बरं वाटत होतं. ज्यांनी औषध थांबवलं त्यांच्यापैकी ६८ टक्के जणींना डिप्रेशन पुन्हा आलं. चालू ठेवलं त्यांच्यात २६ टक्के. उपचाराविना राहिलेल्या डिप्रेशनमध्येही बाळ लवकर किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. गोळ्याही सगळ्या सारख्या नसतात. फिट्स आणि मूडच्या टोकाच्या चढउतारांवर देतात ते व्हॅल्प्रोएटसारखं औषध गरोदरपणात खरोखर टाळतात, तर डिप्रेशनवरचं सर्ट्रालीन अनेकदा चालू ठेवतात. काय बदलायचं, डोस कसा उतरवायचा हे लिहून देणारा डॉक्टर ठरवेल. आपण कुणीही नाही, मीसुद्धा नाही.

डिप्रेशनची शंका ओळखायला एडिनबरो नावाची १० प्रश्नांची एक प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. ती बाळंतिणींसाठी बनली, पण गरोदरपणातही चालते. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. घरातल्या लेकीसुनेला तेवढं तरी प्रेमाने विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर आता हा नंबर टाका.