‘गॅस संपलाय, भरून टाकू’ म्हटलं की आधी लिकेज विचारा

मार्च उजाडला की कार एसीवाल्यांकडे गर्दी होते आणि बऱ्याच जणांना तेच ऐकायला मिळतं: ‘गॅस संपलाय, भरून टाकू.’ दीड-दोन हजार जातात, एक उन्हाळा निघतो, पुढच्या मार्चला पुन्हा तेच. अहो, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. होज आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) शाफ्ट सीलमधून थोडा झिरपतो, म्हणून पाच-सहा वर्षांनी एकदा भरावा लागला तर ठीक. दरवर्षी भरावा लागतोय, तर कुठेतरी लिकेज आहे आणि तुम्ही फुटक्या घागरीत पाणी ओतताय.

गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइलही फिरतं. त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलकट धूळ चिकटते. बॉनेट उघडून टॉर्च मारा: पाइपांचे जॉइंट, कॉम्प्रेसरची क्लचकडची बाजू (हा गिअरचा क्लच नव्हे, कॉम्प्रेसरला इंजिनच्या बेल्टशी जोडणारा), पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी. जॉइंटची ओ-रिंग (रबरी कडी) गेली असेल तर ती काही रुपयांची असते, बाकी मजुरी आणि गॅस. कंडेन्सरला खडा लागतो, कोकणपट्टीत खारी हवा ॲल्युमिनियम खाते. नवा कंडेन्सर छोट्या गाडीला ढोबळमानाने चार ते आठ हजार. केबिनची हवा गार करणारी कूलिंग कॉइल मात्र डॅशबोर्डच्या आत, दिसतच नाही. तिच्यावर कचरा आणि ओल साचून बारीक भोकं पडतात. कॉइलपेक्षा डॅशबोर्ड उतरवायची मजुरी जास्त झोंबते, आणि तो घाईत बसवला की पुढे खडखड वाजतो ते वेगळंच.

म्हणून गॅसच्या आधी नळ्यांत नायट्रोजन भरून लिकेज शोधायचं. साधारण दीडशे पीएसआय प्रेशर देऊन अर्धा तास गेजचा काटा बघायचा, जॉइंटला साबणाचा फेस लावायचा. काटा उतरतोय पण बाहेर कुठेच बुडबुडा नाही, तर संशय कॉइलवर. ‘एवढं कशाला साहेब’ असं उत्तर आलं तर गाडी दुसरीकडे न्या.

भरतानाही गडबड होते. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. समजा ३८० ग्रॅम लिहिलंय. बाजारात आर-१३४ए या गॅसचा डबा मिळतो ४५० ग्रॅमचा, आणि अख्खा डबा आत जातो! जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा नाही. हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचं प्रेशर चढतं, कूलिंग उलट घटतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. वजनकाट्यावर डबा ठेवून भरायला सांगा. त्याआधी किमान वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं, हवाच, कारण आतली ओल गेली नाही तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हशी (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाशी) बर्फ धरतो आणि ऑइल खराब होतं.

सगळ्यात महागडं वाक्य म्हणजे ‘कॉम्प्रेसर गेला’. नवा बसवायचा तर पंधरा ते तीस हजार, मोठ्या गाडीला त्याहून वर. हो म्हणण्याआधी विचारा, नक्की काय गेलंय? क्लच ओढत नसेल तर फ्यूज, रिले आणि क्लचच्या कॉइलला येणारे १२ व्होल्ट तपासा. गॅस कमी असला तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही. व्हेरिएबल (गरजेप्रमाणे कमी-जास्त गॅस ढकलणाऱ्या) कॉम्प्रेसरचा कंट्रोल व्हॉल्व्ह बऱ्याचदा वेगळा मिळतो. पण आतून खरोखर घासला असेल आणि काळं, चमकी मिसळलेलं ऑइल निघालं, तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. आतल्या धातूचा तो चुरा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कंडेन्सरमध्ये गेलेला असतो. हल्लीच्या कंडेन्सरच्या बारीक नळ्या फ्लश करून नीट साफ होत नाहीत. इथे चार-पाच हजार वाचवायला गेलात तर नवा कॉम्प्रेसरही तोच चुरा खाणार.

आणि काही तक्रारींत गॅसचा संबंधच नसतो. हायवेवर गार, सिग्नलला गरम? कंडेन्सरचा फॅन बघा. हवाच कमी येतेय? केबिन फिल्टर काढा, दोन-पाचशेचं काम; ग्लोव्ह बॉक्समागे असेल तर घरीही होतं. अर्ध्या तासाने हवा मंदावते आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुटते? कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, थर्मिस्टर (कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर) तपासायला सांगा.

थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा. शाफ्ट सीलला ऑइल मिळत राहतं, नाहीतर ते सुकतं आणि मार्चमध्ये तिथूनच गॅस निघतो.