वेनराइट यांची शरणागती

दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समधल्या अमेरिकी फौजांचे सेनापती असलेल्या जनरल जोनाथन वेनराइट यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण तिथल्या कॉरेगिडॉर या किल्लेबंद बेटाची ६ मे १९४२ ची जपान्यांपुढची शरणागती एका वाक्यात उरकलीत, ते खटकलं. त्यांचे वरिष्ठ जनरल मॅकआर्थर मार्चमध्येच ऑस्ट्रेलियाला गेले होते. मदत येणार नव्हती, बेटावरचा मलिंता बोगदा जखमींनी भरला होता. आणखी लढणं म्हणजे नुसती कत्तल! पुढे तीन वर्षांहून जास्त काळ जपानच्या कैदेत, फॉर्मोसा (आजचं तैवान) आणि मांचुरियातल्या (ईशान्य चीन) छावण्यांतही, उपासमार सोसताना वेनराइट यांना धास्ती होती ती मायदेशी दोषी ठरण्याची. मेडल ऑफ ऑनर या अमेरिकेच्या सर्वोच्च लष्करी सन्मानासाठीची त्यांची १९४२ मधली शिफारसही मॅकआर्थर यांच्या विरोधामुळे अडली. ते पदक १९४५ मध्ये मिळालं. सुटकेनंतर ३ सप्टेंबर १९४५ ला फिलिपिन्समधल्या बागिओत जपानी सेनापती यामाशितांच्या शरणागतीला ते हजर होते, हेही लेखात हवं होतं.