खरे सांगणाऱ्याचे गुण कापणारी नियमावली

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापराविषयी विद्यापीठांनी काढलेल्या बऱ्याच नियमावल्या मी वाचल्या आहेत. विद्यार्थ्याने असे साधन वापरले असेल तर तसे नमूद करावे, ही अट त्यांत हमखास असते; मात्र नमूद केल्यानंतर त्याच्या गुणांचे काय होणार, याचे उत्तर शोधूनही सापडत नाही. माझा आक्षेप नेमका या मौनावर आहे.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आले आणि पुढच्याच जानेवारीत पॅरिसच्या सिआन्स पो या विद्यापीठाने त्याच्या अघोषित वापरावर बंदी घातली. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनमधील रसेल ग्रुपच्या २४ विद्यापीठांनी पाच तत्त्वे मांडली, तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षक या दोघांनाही या साधनांची जाण देण्याची जबाबदारी विद्यापीठांनी स्वतःकडे घेतली. ही भूमिका मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण निव्वळ बंदी अमलात आणायची तर ‘पकडणारे’ यंत्र लागते आणि तिथेच सगळे अडते.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे ओळखयंत्र काढले होते. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच संशय घेतला. सहा महिन्यांच्या आत ते मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात ओळखयंत्रांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरले. ही यंत्रे पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजतात, त्यामुळे ज्याचा शब्दसंग्रह मर्यादित आणि वाक्यरचना साधी, तोच गुन्हेगार ठरतो. (परक्या भाषेत जपून लिहिणाऱ्या कोणालाही हा अन्याय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.) व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशेब केला: वर्षाला ७५,००० लेखन तपासायचे आणि चूक एकच टक्का धरायची, तरी सुमारे ७५० लेखनांवर खोटा आळ येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी यंत्रलेखन ओळखण्याची सुविधाच बंद केली.

मग उरतो विद्यार्थ्याचा शब्द. तो खरा यावा असे वाटत असेल, तर अनुमत वापर जाहीर केल्याबद्दल एकही गुण कापला जाणार नाही, असे नियमावलीत स्पष्ट लिहावे लागेल. शिवाय अनुमत काय, हे प्रत्येक गृहपाठागणिक सांगावे लागेल. भाषा सुधारून घेणे, मुद्दे सुचवून घेणे आणि अख्खे प्रकरण लिहून घेणे या तिन्ही गोष्टी ‘वापर’ या एकाच शब्दात कोंबल्या की प्रामाणिक विद्यार्थी गोंधळतो आणि लबाड निसटतो. संदर्भसूचीतला अस्तित्वात नसलेला शोधनिबंध मात्र कोणत्याही सबबीखाली माफ करू नये, कारण आपल्या नावाखाली काय छापले जाते याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही. शंका आलीच, तर दहा मिनिटे समोर बसवून त्याच लेखनावर प्रश्न विचारावेत. यात शिक्षकाचा वेळ जातो, हे मान्य. तो वेळ कामाच्या तासांत धरण्याची तरतूदही नियमावलीतच हवी.

आणि शिक्षकांचे काय? विद्यार्थ्याचा अप्रकाशित प्रबंध त्याला न विचारता एखाद्या चॅटबॉटमध्ये टाकून अभिप्राय लिहून घेणारा परीक्षक याच नियमांत बसायला हवा, आणि त्यानेही तो वापर अभिप्रायाखाली लिहून द्यायला हवा.