गाठ विरघळत नाही, हे ठळक हवं होतं
ब्लड प्रेशरच्या लोसार्टन गोळीने एनएफ-२ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २, नसांवर गाठी येणारा जनुकीय आजार) मधलं बहिरेपण रोखता येईल का, हा लेख वाचला आणि डोळे भरून आले. माझ्या भाच्याला हाच आजार आहे, दोन्ही कानांच्या नसांवर गाठी. परळच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या आता अंगवळणी पडल्यात. पण ज्यावरून ही आशा वाटते, ते २०२१ सालचे बोस्टनचे लोसार्टनचे प्रयोग उंदरांवरचे. गाठीभोवतीची सूज, दाह कमी झाला, ऐकू येणं टिकलं, किरणोपचारही जास्त लागू पडले. गाठ विरघळली, असा याचा अर्थ नाही. आईची लोसार्टनची पट्टी घरातच असते, मोह होतो. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया कुणी सुरू करू नका. प्रेशर एकदम उतरू शकतं, आणि गरोदरपणात तर ही गोळी चालतच नाही.