गारलंड, बॅरेट आणि मागाहून सापडलेला नियम

अमेरिकी राजकारणातील दुटप्पीपणाचा विषय निघाला की २०१६ आणि २०२० या दोन वर्षांची तुलना होतेच, आणि तिला उत्तर म्हणून एक दावाही ठरल्याप्रमाणे पुढे येतो. दावा असा : सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गारलंड यांना रोखणे आणि ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांना मंजुरी देणे यांत विसंगती मुळीच नाही. सिनेटला, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाला, तसा घटनात्मक अधिकार होता, नियम खुद्द जो बायडन यांनीच घालून दिलेला होता, तो फक्त राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्या पक्षाची असतानाच लागू होतो, आणि डेमोक्रॅटिक पक्षानेही संधी मिळताच हेच केले असते. रिपब्लिकन राजकारण्यांपासून त्यांची बाजू मांडणाऱ्या भाष्यकारांपर्यंत अनेकांनी हा युक्तिवाद वापरला आहे. त्यातील प्रत्येक मुद्दा वेगळा तपासावा लागतो, कारण सगळे सारख्याच दर्जाचे नाहीत.

आधी घटनाक्रम. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचे १३ फेब्रुवारी २०१६ रोजी निधन झाले. ओबामांच्या कारकिर्दीचे अकरा महिने शिल्लक होते. त्याच दिवशी सिनेटमधील रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी जाहीर केले की पुढचा न्यायाधीश निवडताना जनतेचा आवाज ऐकला गेला पाहिजे, म्हणून नवा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत ही जागा भरली जाऊ नये. त्या वेळी कोणाचे नावही पुढे आलेले नव्हते. १६ मार्चला गारलंड यांचे नाव आले आणि ते २९३ दिवस पडून राहिले. सुनावणी नाही, मतदान नाही. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे निधन १८ सप्टेंबर २०२० रोजी झाले, म्हणजे निवडणुकीच्या ४६ दिवस आधी. मॅकॉनेल यांनी त्याच रात्री सांगितले की ट्रम्प यांच्या उमेदवारावर मतदान होईल. २६ ऑक्टोबरला, निवडणूक आठ दिवसांवर आलेली आणि कोट्यवधी मतदारांनी आधीच मत दिलेले असताना, बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजुरी मिळाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६५व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेत नेमणूक तहहयात असते. एकेका जागेसाठी तेथे एवढी झुंज का होते, हे त्यावरून ध्यानात यावे.

घटनात्मक अधिकाराचा मुद्दा खरा आहे आणि गैरलागूही. राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात ‘सिनेटचा सल्ला आणि संमती’ असे शब्द आहेत. संमती किती दिवसांत द्यावी किंवा नाकारावी, हे तेथे सांगितलेले नाही. म्हणून दोन्ही कृती कायदेशीरच होत्या. पण आक्षेप बेकायदेशीरपणाचा नव्हताच. आक्षेप असा आहे की पहिल्या वेळी दिलेले कारण दुसऱ्या वेळी गुंडाळून ठेवले गेले. ‘आमच्याकडे मते होती, म्हणून केले’ एवढेच २०१६ मध्ये सांगितले असते, तर आज कोणालाही विसंगती दाखवता आली नसती.

तथाकथित ‘बायडन नियम’ २५ जून १९९२ च्या एका भाषणातून काढला जातो. बायडन तेव्हा सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. जागा रिकामी नव्हती, उमेदवार नव्हता, मतदानाचा प्रश्नच नव्हता. जागा रिकामी झालीच तर तेव्हाचे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी नोव्हेंबरची निवडणूक आटोपेपर्यंत नाव देऊ नये, असे ते म्हणाले. पुढचा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत थांबा, असे नव्हे. राष्ट्राध्यक्षांनी सिनेटशी सल्लामसलत केली किंवा मवाळ नाव दिले तर आपण पाठिंबा देऊ शकतो, असेही त्याच भाषणात आहे. भाषण सोयीचे राजकीय होते, यात शंका नाही, आणि डेमोक्रॅटिक पक्षाला ते २०१६ मध्ये अडचणीचे ठरले ते योग्यच झाले. पण कधीच अमलात न आलेल्या सूचनेला नियम म्हणता येत नाही. आणि तो नियमच मानला, तर २०२० मध्ये निवडणूक होईपर्यंत थांबणे रिपब्लिकनांना बंधनकारक ठरले असते.

सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा मुद्दा विभागलेल्या सत्तेचा आहे. तो २०२० मध्ये नव्याने रचला, असे काही टीकाकार म्हणतात. ते चूक आहे. विभागलेली सत्ता असताना निवडणूक वर्षात निर्माण झालेली जागा १८८८ नंतर सिनेटने भरलेली नाही, हे मॅकॉनेल फेब्रुवारी २०१६ मध्येच बोलले होते. न्यायविषयक समितीतील अकरा रिपब्लिकन सदस्यांच्या २३ फेब्रुवारी २०१६ च्या पत्रातही १८८८ चा दाखला आहे. मात्र त्याच पत्रात दुसरा दाखलाही आहे : निवडणूक वर्षात निर्माण झालेली जागा त्याच वर्षी भरल्याचे १९३२ नंतर घडलेले नाही. या दुसऱ्या दाखल्याला सिनेट कोणाच्या ताब्यात आहे याच्याशी काहीही देणेघेणे नाही. तो खरा मानला तर बॅरेट यांनाही थांबावे लागले असते. आणि सुनावणी न घेण्याच्या निर्णयाचे मुख्य कारण म्हणून पत्रात जे दिले होते, ते जनतेच्या इच्छेचे रक्षण. जनतेची इच्छा ही सिनेटमध्ये बहुमत कोणाचे आहे हे पाहून उगवत किंवा मावळत नाही.

१८८८ च्या दाखल्याची ताकदही तपासून पाहावी. त्या वर्षी डेमोक्रॅट क्लीव्हलंड यांनी सुचवलेल्या मेलव्हिल फुलर यांना रिपब्लिकन सिनेटने मंजुरी दिली. त्यानंतर २०१६ पर्यंत, निवडणूक वर्ष आणि विभागलेली सत्ता या दोन्ही अटी पूर्ण करणारी जागा एकदाच रिकामी झाली, ती ऑक्टोबर १९५६ मध्ये. सिनेटचे अधिवेशन नसल्यामुळे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी विल्यम ब्रेनन यांची तात्पुरती नेमणूक केली, आणि पुढच्या वर्षी डेमोक्रॅटिक बहुमताच्या सिनेटने ती कायम केली. सव्वाशे वर्षांची परंपरा म्हणून जे सांगितले जाते ते एवढेच, आणि त्यात अडवणूक कोठेच नाही. अँथनी केनेडी यांचे उदाहरण या चौकटीत नेमके बसत नाही, कारण ती जागा १९८७ मध्ये रिकामी झाली होती. तरीही निवडणूक वर्षात, फेब्रुवारी १९८८ मध्ये, डेमोक्रॅटिक सिनेटने रीगन यांच्या या उमेदवाराला ९७ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारले.

शिवाय रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांचे काय? रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी जागा रिकामी झाली तर पुढच्या राष्ट्राध्यक्षाला नेमू द्यावे, आणि तेव्हा माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा, असे त्यांनी २०१६ मध्ये सांगितले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी ट्रम्प यांचे नाव घेऊन तेच पुन्हा सांगितले. विभागलेल्या सत्तेची अट दोन्ही वेळा नव्हती. २०२० मध्ये न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून बॅरेट यांची सुनावणी त्यांनीच घेतली. डेमोक्रॅटिक पक्षाने २०१३ मध्ये बदललेली नेमणुकांची कार्यपद्धती आणि ट्रम्प यांचे २०१८ मधील उमेदवार ब्रेट कॅव्हानॉ यांना दिलेली वागणूक यांमुळे आपले मत बदलले, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. परंतु २०१३ हे २०१६ च्या आधी येते, आणि ऑक्टोबर २०१८ चे आश्वासन कॅव्हानॉ प्रकरण ऐन भरात असताना दिलेले होते. मॅकॉनेल निदान आडपडदा ठेवत नव्हते : २०२० मध्ये जागा रिकामी झाली तर काय कराल, असे मे २०१९ मध्ये केंटकीतील पॅड्युका येथे विचारले असता, भरू की, असे त्यांनी हसत सांगितले होते.

उरला ‘तेही असेच करतात’ हा मुद्दा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही वृत्ती डेमोक्रॅटिक गोटातही भरपूर आहे. धाकट्या बुश यांच्या कारकिर्दीची सुमारे दीड वर्षे बाकी असताना, जुलै २००७ मध्ये, डेमोक्रॅटिक सिनेटर चक शूमर यांनी असाधारण परिस्थिती वगळता त्यांच्या कोणत्याही सर्वोच्च न्यायालयीन उमेदवाराला मंजुरी देऊ नये, असे म्हटले होते. फिलिबस्टर, म्हणजे साठ मतांअभावी मतदान रोखण्याची अल्पमतातील पक्षाची मुभा, २००५ मध्ये सिनेटमधील डेमोक्रॅटिक नेते हॅरी रीड यांनी लोकशाहीचे कवच म्हणून जपली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये बहुतेक नेमणुकांपुरती स्वतःच मोडीत काढली. भाष्यकारही मागे नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकीय पानाने १९९५ मध्ये, क्लिंटन यांच्या कार्यक्रमाला बसलेला खो ताजा असताना, फिलिबस्टर संपवावा असे लिहिले; २००५ मध्ये, बुश यांचे न्यायाधीश अडवले जात असताना, आपली ती भूमिका चूक होती अशी कबुली दिली; आणि २०१३ मध्ये रीड यांच्या बदलाचे स्वागत केले. तिन्ही लेखांत तत्त्वाचीच भाषा होती.

तथापि या नोंदींतून मूळ दाव्याला आधार मिळत नाही. शूमर यांचे म्हणणे भाषणापुरते राहिले, कारण ती जागा कधी रिकामी झालीच नाही. गारलंड यांची जागा प्रत्यक्षात गेली आणि एप्रिल २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सुचवलेले नील गोर्सच तिच्यावर बसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा मुद्दा आधीच्या मुद्द्यांशी एकत्र नांदू शकत नाही. विभागलेल्या सत्तेचा नियम खरोखरच पाळला गेला असेल, तर समोरच्याने काय केले असते हे सांगण्याची गरज उरत नाही. आणि ‘तुम्ही आमच्या जागी असता तर हेच केले असते’ हे खरे कारण असेल, जसे ग्रॅहम यांनी २१ सप्टेंबर २०२० च्या पत्रात डेमोक्रॅटिक सहकाऱ्यांना लिहिले, तर नियम कोणताच नव्हता, हे त्यांनीच मान्य केलेले आहे.