लॅब्रॅडॉर कुत्रा आहे का हो तुमच्याकडे?

फोन उचलला की प्रश्न ठरलेला: "लॅब आहे का? फीमेल नको हं, आणि काळं नको." अहो, हा प्राण्यांचा निवारा आहे, साडीचं दुकान नाही! इथे पाच-सहा महिन्यांची गावठी पिल्लं जाळीवर शेपट्या आपटतायत. नसबंदी झालीय, नाइन-इन-वन ही अनेक रोगांवरची एकत्र लस झालीय, रेबीजची लस टोचलीय, आणि फुकट देतोय. "गावठी होय? मग राहू दे." फीमेल का नको, तर म्हणे पिल्लं होतात. नसबंदी झालीय म्हटलं तर "हो, पण तरी..."

पिल्लू देण्याआधी घर बघायला येतो म्हटलं की लगेच राग. "विश्वास नाही का आमच्यावर?" नाही! दिवाळीत हौसेनं नेलेलं पिल्लू मे महिन्यात आमच्याच गेटला बांधलेलं सापडतं, पट्ट्यासकट. विचारलं तर बदली झाली, सुनेला दिवस गेलेत, सोसायटी ऐकत नाही. अरे, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हे ॲनिमल वेल्फेअर बोर्डानं २०१५ सालीच परिपत्रक काढून सांगितलंय. वाचतंय कोण?

वर आम्हालाच ऐकवायचं, "तुम्हाला सरकार पैसे देतं ना, मग ठेवून घ्या की!" रविवारी पहाटे पिंजरे धुणारे आम्ही सगळे नोकरदार. सरकार कुठलं डोंबलाचे पैसे देतंय!