आकडा मोठा हवा, बाकी बघून घेऊ

गाडीत फेरफार करून तिची ताकद वाढवायची आहे ना? मग सगळ्यात आधी हॉर्सपॉवरचा आकडा ठरवा. गाडी कुठे चालवायची, मागे कोण बसणार, असले फुटकळ प्रश्न नंतर. ५०० म्हणा. डायनोच्या (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर तो छापून आला की तुम्ही जिंकलात. कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण गाडीपेक्षा तोच जास्त फिरणार आहे.

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, मिळेल तेवढा मोठा घ्या. तो ४५०० आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली हलणार नाही आणि तुमचा रोजचा प्रवास १५०० ते ३००० च्या मध्येच होतो, पण या योगायोगाकडे लक्ष देऊ नका. जास्त बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) सोसावा म्हणून कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) उतरवलं असेल तर उत्तमच. कंपनीतून आलेली गाडी खालच्या आरपीएमला जेवढी ओढायची, तेवढीही आता ओढणार नाही. सिग्नल सुटल्यावर मागची हॅचबॅक हॉर्न मारेल, मारू द्या. बूस्ट येईल तेव्हा असा येईल की मागची चाकं जागेवरच फिरतील, आणि तोवर पुढचा सिग्नल लाल झालेला असेल. (सपाट रस्त्यावर ताशी १०० चा वेग राखायला साध्या गाडीला २०-२५ हॉर्सपॉवर पुरतात. हे घरी कोणाला कळू देऊ नका.)

मग कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. ओव्हरलॅप (हवा आत घेणारे आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ) इतका ठेवा की उभी गाडीसुद्धा हुंदके देईल. त्या आवाजावर पोरं फिदा होतात. त्यापायी इंजिनचा व्हॅक्यूम (आत ओढण्याचा जोर) घटतो आणि व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टर हात वर करतो, म्हणजे ब्रेक पेडल दगडासारखं. वेग वाढवायला एवढा खर्च केलाय, थांबायची घाई कोणाला आहे?

क्लच सिरॅमिकचाच हवा. मूळ क्लच हळूहळू पकडतो, हा बायकी लाड झाला, असं गॅरेजमधले जाणकार सांगतील. सिरॅमिकला दोनच गोष्टी येतात: सुटणं आणि चावणं. ट्रॅफिकमध्ये गाडी फूटभर पुढे घ्यायची म्हटली की ती एकतर बंद पडेल, नाहीतर अशी उसळेल की शेजारच्या सीटवरचा माणूस डॅशबोर्डला नमस्कार करेल. अर्ध्या तासात तुमचा डावा गुडघा थरथरू लागेल. आता ट्रॅफिक सुटेपर्यंत सुटका नाही. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा लागत नाही, इंजिनची धग त्यात मुरत जाते आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जपून इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. म्हणजे रस्ता मोकळा होईल त्याच क्षणी तुमच्या ५०० मधले बरेच घोडे रजेवर.

इंधनाला ई८५ वापरा, म्हणजे बहुतांश इथेनॉल आणि थोडं पेट्रोल. एक भाग पेट्रोल जाळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, याला ९.८ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त, तेव्हा टाकी तीसेक टक्के लवकर रिकामी होईल. पंपावरच्या मुलाशी ओळख वाढते, हा फायदा कोणी मोजतच नाही.

कोणीतरी शहाणा भेटेलच. लहान टर्बो लाव, टॉर्क (ओढण्याचा जोर) २५०० आरपीएमलाच मिळू दे, क्लच एक पायरीच वर ने, ३०० हॉर्सपॉवरवर थांब, असं सांगेल. त्याची गाडी रोज ऑफिसला जाते, पावसातही जाते, त्यावरूनच त्याची पात्रता ओळखा.

आणि गाडी विकायला काढाल तेव्हा प्रत्येक पार्टची पावती घेऊन बसा. घेणारा सगळं शांतपणे ऐकून घेईल आणि विचारेल, ‘मूळचे पार्ट ठेवलेत ना?’